पोटामागच्या मोठ्या गाठीचं ऑपरेशन: नाशिकच्या घरांसाठी, पायरीपायरीने

सोनोग्राफीच्या कागदावर ‘लार्ज रेट्रोपेरिटोनियल मास’, म्हणजे पोटामागच्या जागेत मोठी गाठ, असं छापून आलं की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘उद्याच काढून टाकता येईल का?’ या गाठीपुरता तो प्रश्न जरा मागे ठेवा. कुणी काढायची आणि त्याआधी काय काय कळलेलं असायला हवं, हे आधी ठरू द्या. कारण ही गाठ पुरती निघण्याची सगळ्यात मोठी संधी पहिल्या ऑपरेशनलाच असते. अर्धवट निघाली, की दुसऱ्यांदा आत जाणाऱ्या सर्जनला चिकटलेली आतडी लागतात आणि कुठे काय उरलंय याचा नुसता अंदाज बांधावा लागतो.

गाठ असते तरी कुठे

आतडी, जठर, यकृत हे अवयव पोटात एका पातळ पडद्याच्या आत असतात. त्या पडद्याच्या मागे, कण्याला लागून आणखी एक जागा आहे. दोन्ही मूत्रपिंडं, स्वादुपिंड, हृदयाकडून येणारी मुख्य धमनी, हृदयाकडे जाणारी मोठी शीर, पाठीचे स्नायू आणि भरपूर चरबी, एवढं सगळं तिथे असतं. घराच्या मागच्या पडवीत सामान साठत गेलं तरी पुढच्या खोलीतल्यांना पत्ता लागत नाही, तसं इथे होतं. गाठ १५-२० सेंटिमीटरची झाली तरी पुष्कळदा दुखत नाही, कावीळ नाही, रक्त पडत नाही.

चरबी, स्नायू अशा मऊ ऊतींतून निघणाऱ्या कॅन्सरला सार्कोमा म्हणतात. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये सार्कोमा जेमतेम १ टक्का आणि त्यातले साधारण १० ते १५ टक्के या मागच्या जागेतले. त्यातही चरबीतून होणारा लायपोसार्कोमा आणि रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतून होणारा लायोमायोसार्कोमा हे दोन जास्त दिसतात. चांगला अनुभव असलेल्या जनरल सर्जननेही अशा गाठी मोजक्याच पाहिलेल्या असतात. यात त्यांचा काही दोष नाही, पण तुम्ही कुठे जायचं हे यावरूनच ठरतं.

घरातल्यांना आधी काय दिसतं? आप्पांच्या पँटचं बटण लागेनासं होतं. ‘वय झालं, पोट सुटलं,’ म्हणून सगळे सोडून देतात. मग एखादी सूनबाई म्हणते, ‘पोट सुटलंय तर हातपाय का काटकुळे झालेत?’ तिचं बरोबर असतं. पोट वाढतंय आणि बाकीचं अंग झडतंय, दोन घास खाल्ले तरी पोट भरतंय, एकाच पायाला सूज येतेय, असं असेल तर गॅसच्या गोळ्या बंद करा आणि सोनोग्राफी करा.

पहिली पायरी: सीटी स्कॅन, आणि त्याची सीडी

सोनोग्राफीत गाठ आहे एवढंच कळतं. पुढचा खरा तपास म्हणजे छाती, पोट आणि ओटीपोट यांचा कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन केलेला सीटी स्कॅन. छाती यासाठी की सार्कोमा पसरला तर बहुतेक वेळा फुप्फुसात जातो. ‘फक्त पोटाचा करू, स्वस्तात होईल,’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, छातीसाठी पुन्हा खेप पडते. स्कॅनच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी रक्ततपासणी, करतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, आधी कधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली असेल तर तिथल्या माणसाला आधीच सांगा.

रिपोर्टच्या कागदाइतकीच सीडी महत्त्वाची. मोठ्या हॉस्पिटलातले सर्जन कागद बाजूला ठेवून चित्रंच बघतात. सीडी नसली तर स्कॅन पुन्हा करावा लागू शकतो, म्हणून सेंटरवरून निघण्याआधी मागून घ्या आणि घरच्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघा.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा. ‘फॅट कंटेनिंग’ म्हणजे गाठीत चरबी आहे. ‘डिस्प्लेस्ड’ म्हणजे मूत्रपिंड किंवा आतडं जागेवरून ढकललं गेलंय. ‘एन्केसमेंट’ म्हणजे गाठीने एखादी रक्तवाहिनी वेढलीय, आणि ऑपरेशन किती अवघड जाईल हे पुष्कळदा यावर ठरतं.

इथे एक धोक्याची जागा आहे. रिपोर्टवर ‘लिपोमा’ लिहिलेलं असतं आणि कुणीतरी म्हणतं, ‘चरबीचीच गाठ आहे, साधी आहे.’ दंडावरची, पाठीवरची चरबीची गाठ साधी असते हे खरं. पोटामागच्या जागेत मात्र खरा लिपोमा फार क्वचित होतो. तिथली मोठी चरबीची गाठ लायपोसार्कोमाच आहे असं धरून चालायचं, नाही असं सिद्ध होईपर्यंत. मूत्रपिंडाची अँजिओमायोलिपोमा आणि ॲड्रिनल ग्रंथीची मायलोलिपोमा या दोन गाठींतही चरबी असते आणि त्या कॅन्सरच्या नसतात, पण त्या ओळखायचं काम अनुभवी रेडिओलॉजिस्टचं.

दुसरी पायरी: सुईची बायोप्सी

‘गाठीला हत्यार लागलं की ती पसरते.’ निफाडपासून सुरगाण्यापर्यंत हे वाक्य ऐकायला मिळतं आणि त्याच्यापायी माणसं महिनोन्‌महिने घालवतात. सीटी किंवा सोनोग्राफीत बघत, पाठीच्या बाजूने, जाड पोकळ सुईने तुकडे काढले तर सुईच्या वाटेने गाठ पसरण्याचा धोका अगदी नगण्य आहे. उलट निदान चुकलं तर नुकसान मोठं. याच जागेत लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, होतो, तो औषधांनी बरा होऊ शकतो आणि त्याला हे मोठं ऑपरेशन लागत नाही. तरुण पुरुषांत वृषणातून आलेली गाठही इथे बसते, म्हणून त्यांची वृषणाची सोनोग्राफी आणि एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या रक्ततपासण्या करतात. ॲड्रिनलसारखी, रक्तदाब अचानक भडकवणारी गाठ असण्याची शंका असेल तर सुई लावण्याआधी मेटानेफ्रिनची तपासणी झालीच पाहिजे.

बारीक सुईने नुसत्या सुट्या पेशी ओढतात ती एफएनएसी इथे पुरत नाही. पेशी मिळतात, पण सार्कोमाचा प्रकार सांगायला ऊतीचा सलग तुकडा लागतो. गाठीत काही भाग चरबीचा आणि काही घट्ट असेल तर तुकडा घट्ट भागातून यायला हवा, कारण जास्त आक्रमक रूप तिथे दडलेलं असतं.

पोट उघडून किंवा दुर्बिणीतून ‘जरा बघू, तुकडा घेऊ, जमलं तर काढू’ हा बेत मात्र नम्रपणे नाकारा. त्याने गाठीचं आवरण फुटतं, पेशी पोटभर सांडतात, आणि जी संधी एकदाच असते ती तिथेच जाते. माझं यावर ठाम मत आहे. उलटी थांबत नाही आणि पोट फुगलंय, आत रक्तस्राव होतोय, लघवी बंद झालीय, अशी आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा रात्रीच हॉस्पिटल गाठा. बाकी या गाठी महिन्या-वर्षांनी वाढलेल्या असतात. नीट तपासाला दोन-तीन आठवडे गेले म्हणून बिघडत नाही. मात्र ‘ऑक्टोबर छाटणी होऊ द्या, माल निघाला की बघू,’ म्हणून मार्चपर्यंत थांबणं म्हणजे चालढकल झाली, तपास नव्हे.

बायोप्सीच्या लॅबकडून रिपोर्टसोबत स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या. दुसऱ्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट ते पुन्हा बघतात आणि सार्कोमात निदान बदलण्याचं प्रमाण इतर कॅन्सरपेक्षा जास्त असतं. लायपोसार्कोमाची खात्री करायला एमडीएम२ नावाच्या जनुकाची तपासणी लागते, तीही याच ब्लॉकवर होते. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.

तिसरी पायरी: कुठे जायचं

नाशकात कॅन्सरच्या उपचारांच्या सोयी आता बऱ्याच आहेत. शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय सरकारी आहे, आडगावला मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, शिवाय खासगी कॅन्सर हॉस्पिटलं आहेत. सीटी, बायोप्सी, मूत्रपिंडाच्या तपासण्या इथे करून घ्यायला काही हरकत नाही. ऑपरेशनचं ठरवताना मात्र पाटी आणि इमारत बघू नका, प्रश्न विचारा. पोटामागच्या सार्कोमाची ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? ही केस ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि कॅन्सरचे डॉक्टर एकत्र बसतात तिथे, गेली का? गरज पडली तर रक्तवाहिन्यांचा सर्जन आणि मूत्रपिंडाचा सर्जन त्याच टेबलावर येऊ शकतील का? रक्तपेढी आणि आयसीयू त्याच इमारतीत आहे का?

हे विचारलं म्हणून चांगला सर्जन रागावत नाही. ‘माझ्याकडे अशा केस कमी येतात, तुम्ही मुंबईला दाखवा,’ असं सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याचे आभार माना. अशा गाठी नेहमी काढणाऱ्या केंद्रांत निकाल चांगले लागतात, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

परळचं टाटा मेमोरियल, १९४१ साली सुरू झालेलं, आपल्याला सगळ्यात जवळचं मोठं ठिकाण. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी पकडायची, दादरला उतरून टॅक्सी करायची. पहिल्या दिवशी नोंदणी आणि रांगा यातच वेळ जातो, त्यामुळे त्याच संध्याकाळी परतायचा हट्ट धरू नका. राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षं कॅन्सरच्या रुग्णांची सोय करत आलीय. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. जाणं जमतच नसेल तर नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) आणि टाटा मेमोरियलशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सल्ल्याची सेवा आहे, कागद पाठवून मत घेता येतं.

पैशाचं आधीच बोला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, रेशनकार्ड आणि आधार लागतं. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथे ‘योजना चालते का’ एवढंच विचारून परत फिरू नका. ‘या ऑपरेशनचं कोणतं पॅकेज बसतं आणि त्याबाहेर काय भरावं लागेल’ असं विचारा. ऑपरेशनआधी मंजुरी घ्यावी लागते, भरती झाल्यावर धावपळ केली तर अडकायला होतं. योजनेचा फोन १५५३८८. धर्मादाय नोंदणी असलेल्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

चौथी पायरी: ऑपरेशनआधीचे दिवस

गाठ एखाद्या अवयवाला चिकटून असेल तर तो अवयव गाठीसोबत अखंड काढावा लागतो. पुष्कळदा एका बाजूचं मूत्रपिंड जातं, मोठ्या आतड्याचा भाग जातो, कधी प्लीहा, कधी स्वादुपिंडाची शेपटी. ‘चांगलं मूत्रपिंड कशाला काढता?’ हा प्रश्न हमखास येतो. गाठीचं टोक त्याच्यावर घासलेलं असतं. ते सोलून वेगळं करायला गेलं तर पेशी मागे राहतात आणि गाठ तिथूनच पुन्हा उगवते. म्हणून आधी डीटीपीए स्कॅन करून दुसरं मूत्रपिंड एकट्याने भार उचलेल का ते बघतात.

प्लीहा काढायची शक्यता असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात. डॉक्टरांच्या घाईत हे राहून जातं, तुम्ही आठवण करा.

तंबाखू, मिश्री, विडी त्याच दिवसापासून बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि कुठलाही काढा चालू असेल तर लपवू नका. भूक कमी असते म्हणून थोडं थोडं पण पाच-सहा वेळा खायला द्या: अंडी, दूध, घट्ट वरण, शेंगदाणे. तीन चेंडूंचं स्पायरोमीटर आधीच विकत घ्या आणि श्वास आत ओढून चेंडू वर धरायचा सराव घरीच सुरू करा. पोटावर लांब चीर असताना हा सराव नव्याने शिकवणं अवघड जातं. रक्तदात्यांची यादी तयार ठेवा, भावकीतल्या पोरांना आधी सांगून ठेवा.

रेडिएशन आधी द्यायचं का, हा प्रश्न ट्यूमर बोर्डाचा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रास’ नावाच्या चाचणीत २६६ रुग्णांचा अभ्यास होता. ऑपरेशनआधी रेडिएशन दिल्याने एकंदरीत फायदा दिसला नाही, लायपोसार्कोमाच्या काही रुग्णांत थोडा फायदा असावा अशी शंका राहिली. ऑपरेशननंतर मात्र ते सहसा देत नाहीत, कारण गाठीच्या रिकाम्या जागेत आतडी येऊन बसतात आणि किरण त्यांना जाळतात. केमोही सगळ्यांना नसते.

रुग्णाला काय सांगायचं? ‘आईला कॅन्सर म्हणू नका, खचेल,’ असं मुलं डॉक्टरांना बाहेर गाठून सांगतात. सही आईला करायची असते, मूत्रपिंड आईचं जाणार असतं. तिला सांगा. बहुतेकांना आधीच अंदाज आलेला असतो आणि लपवाछपवीचाच त्रास जास्त होतो.

पाचवी पायरी: ऑपरेशन आणि हॉस्पिटलातले दिवस

पाच-सहा तास, कधी त्याहून जास्त. थिएटरबाहेर बसलेल्यांनी घड्याळाकडे बघून निष्कर्ष काढू नयेत. सर्जन आधी मोठ्या रक्तवाहिन्या ताब्यात घेतो, मग गाठ सगळ्या बाजूंनी मोकळी करतो आणि शेवटी एकसंध बाहेर काढतो. पुष्कळदा नातेवाइकांना ट्रेमध्ये गाठ दाखवतात: पिवळसर, गुळगुळीत, काही किलोंची, एका बाजूला मूत्रपिंड तसंच चिकटलेलं. बघायची नसेल तर नाही म्हणा. तिच्यावर दिशा कळण्यासाठी दोरे बांधलेले असतात. मग लॅबमध्ये तिच्या पृष्ठभागाला शाई लावतात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली कडेपर्यंत पेशी पोचल्यात का ते दिसतं.

रुग्ण बाहेर येतो तो नळ्यांसकट. नाकातली, लघवीची, पोटातले ड्रेन, पाठीतली वेदनाशामकाची. घाबरू नका, एकेक निघत जातात. आयसीयूत एक-दोन दिवस आणि सगळं सुरळीत असेल तर एकूण आठ-दहा दिवस. दुसऱ्या दिवशी फिजिओ खुर्चीत बसवायला येईल तेव्हा ‘आज राहू द्या’ म्हणून मध्ये पडू नका. चालण्याने फुप्फुसं मोकळी होतात आणि पायात रक्ताची गुठळी होत नाही. गुठळीसाठी हेपारिनची इंजेक्शनं पुष्कळदा चार आठवडे चालतात, घरी कशी द्यायची ते सिस्टरकडून शिकून घ्या.

ड्रेनमधलं पाणी अचानक गढूळ किंवा हिरवट झालं, ताप आला, पोट फुगलं, पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली, तर सांगायला सकाळच्या राउंडची वाट बघू नका. मांडी बधिर वाटणं, जिना चढताना गुडघा सटकणं हे काहींना होतं, कारण मांडीकडे जाणारी नस गाठीजवळूनच जाते. बऱ्याच जणांत व्यायामाने ते सुधारतं.

घरी आल्यावर सहा ते आठ आठवडे वजन उचलणं नाही. पाठीवरचा फवारणीचा पंप नाही, ट्रॅक्टर नाही, पाण्याची कळशीही नाही. एकच मूत्रपिंड उरलं असेल तर अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, रक्तदाब आणि साखर सांभाळा.

रिपोर्ट आणि त्यानंतरची वर्षं

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला दोनेक आठवडे लागतात. त्यात प्रकार, १ ते ३ यांपैकी ग्रेड (आकडा जितका मोठा तितकी गाठ आक्रमक) आणि कडा बघायच्या. ‘आर झिरो’ म्हणजे कडेवर पेशी नाहीत, ‘आर वन’ म्हणजे फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कडेवर पेशी दिसल्या. ‘आर टू’ म्हणजे डोळ्याला दिसणारी गाठ मागे राहिली. एवढ्या मोठ्या गाठीची प्रत्येक कड सूक्ष्मदर्शकाखाली बघणं शक्य नसतं, म्हणून ‘आर झिरो’ आणि ‘आर वन’ यांना डॉक्टर बरेचदा एकाच गटात धरतात. ‘आर वन’ दिसलं म्हणून हातपाय गाळू नका.

ही गाठ त्याच जागी परत येऊ शकते. वेल-डिफरन्शिएटेड (पेशी साध्या चरबीसारख्याच दिसणारा) लायपोसार्कोमा सावकाश वाढतो आणि सहसा लांब पसरत नाही, डीडिफरन्शिएटेड (पेशींचं रूप बदललेला, जास्त आक्रमक) प्रकार लवकर परततो. लायोमायोसार्कोमाची नजर फुप्फुसांवर असते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी सीटी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. दहा वर्षांनंतर परत आलेल्या गाठीही आहेत, त्यामुळे ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ हा हिशेब इथे लागू नाही.

तपासणीत काही उगवलेलं दिसलं तर लगेच टेबलावर न्यायचंच असं नाही. सावकाश वाढणारी लहान गाठ असेल तर काही महिने नजर ठेवून ती किती वेगाने वाढते ते बघतात आणि मग ठरवतात. अशा वेळी नवा दवाखाना शोधू नका. जुन्या सगळ्या सीडी, ऑपरेशनची नोंद आणि ब्लॉकची पावती घेऊन पहिल्या ऑपरेशनच्या टीमकडेच जा. आत काय काढलं, काय ठेवलं आणि कुठली कड त्यांना तेव्हाच खटकली होती, हे त्यांना ठाऊक असतं.